नख तुटलं, आता पैसे कुणी द्यायचे?

या वेळची निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आलीयत, जेलचा (लॅम्पखाली सुकवायच्या पॉलिशचा) टवका उडाला किंवा एक्स्टेन्शन (नखाला लावलेली जादा लांबी) तुटलं की रिपेअर फुकट करायचं का पैसे घ्यायचे. म्हणून मेनिक्युअरचे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज हेच सविस्तर बोलूया. पत्रं थोडी कापून छापलीयत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न : ताई, मी नाशिकला घरीच नेल स्टुडिओ चालवते, दोन वर्षं झाली. जेल पॉलिशचे ६०० घेते आणि एक्स्टेन्शनचे १५००. दहा-बारा दिवस झाले की मेसेज येतो, "अगं एक नख गेलं, येऊन जाऊ का, पाचच मिनिटं लागतील". मला नाही म्हणता येत नाही कारण निम्म्या जणी आमच्याच सोसायटीतल्या, नाहीतर नणंदेच्या ओळखीच्या. गेल्या शनिवारी अशा तिघी आल्या आणि एक नवरी मुलगी, जिने ॲडव्हान्स दिला होता, ती पाऊण तास सोफ्यावर बसून राहिली. "नो फ्री रिपेअर" असा बोर्ड लावू का? लोक तुटतील अशी भीती वाटते.

उत्तर : बोर्ड लावू नकोस गं. अशा बोर्डाचा अर्थ क्लायंट असा घेते की हिला स्वतःच्याच कामाची खात्री नाही, आणि खरं सांगायचं तर काही रिपेअर फुकट करायलाच हवेत कारण ती आपली चूक असते. पण सगळेच फुकट करायचे हेही चालणार नाही. मी तेरा वर्षं हे काम करतेय आणि माझा नियम एकच, आधी नख कुठून गेलंय ते बघायचं, पैशाचं नंतर बोलायचं.

आणि ती "पाच मिनिटं" कधीच पाच नसतात हे आधी तू स्वतः नीट धर. जुना कलर फाइल करायचा, नख साफ करायचं, डिहायड्रेटर (नखाची ओल आणि तेल काढणारा), बेस, लॅम्प, कलरचे दोन पातळ कोट आणि दर कोटानंतर लॅम्प, मग टॉप कोट, परत लॅम्प, शेवटी पुसून क्युटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला, ऑइल. एका साध्या जेलच्या नखाला पंधरा मिनिटं जातात, एक्स्टेन्शन असेल तर पंचवीस. माल लागतो किरकोळ, जातो तो तुझा वेळ. महिन्याला ४० सेट करतेस आणि त्यातल्या ६ जणी परत आल्या असं धरलं तर साधारण दोन तास गेले, म्हणजे एक अख्खा एक्स्टेन्शनचा स्लॉट. तेवढं तुझ्या मूळ रेटमध्ये आधीच धरलेलं असायला हवं, मग फुकट रिपेअर करताना जिवावर येत नाही.

आता नख कसं वाचायचं ते सांगते. क्लायंट आली की ती काय सांगतेय ते ऐक पण हात हातात घे आणि उजेडात बघ. क्युटिकलच्या बाजूने जेल उचललं गेलं असेल, म्हणजे केस त्यात अडकतोय अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा ते आपलंच असतं. नखावर चिकटलेली पातळ मेलेली कातडी नीट निघालेली नसते, किंवा बेस कातडीवर वाहून गेलेला असतो आणि तो आपण न पुसता तसाच लॅम्पमध्ये घातलेला असतो. असं दोन-चार नखांना झालं असेल तर काही न बोलता फुकट कर.

टोकावरून टवका उडाला असेल तर किती नखांचा आणि कुठल्या हाताचा ते बघ. तीन-चार दिवसांत पाच-सहा नखांची टोकं गेली तर कॅपिंग राहिलंय, म्हणजे ब्रश टोकाच्या कडेवरून फिरवून आपण कड बंद केली नाही. पण एकाच बोटाचं आणि तेही दर वेळी तेच बोट असेल तर ती त्या बोटाने काहीतरी करतेय. माझ्याकडे एक शाळेतल्या बाई येतात, त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक दर मार्च-एप्रिलमध्ये जायचं. मी तीन वेळा फुकट करून दिलं, बेस बदलला, नख आखूड केलं, तरी तेच. मग एकदा त्या बसल्या बसल्या पर्समधून पेपरांचा गठ्ठा काढून चाळत होत्या आणि मी बघितलं तर पुरवणीची स्टेपलर पिन त्या अंगठ्याच्या नखाने उचकटत होत्या, अगदी सवयीने, लक्षही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पिन काढायचा तो छोटा चिमटा आणून दिला. त्यानंतर ते नख गेलेलं नाही.

एक्स्टेन्शन मधूनच आडवं मोडलं असेल तर दोन शक्यता. ज्या जागी जोर येतो तिथे जाडी कमी ठेवली गेली, म्हणजे बाजूने बघितलं तर मध्ये जो हलका उंचवटा दिसायला हवा तो नाहीच, सपाट आहे, मग ते आपलं. उंचवटा बरोबर आहे आणि खालचं खरं नखही तडकलंय, बोट दुखतंय, तर कशात तरी अडकलंय, गाडीचं दार, कपाटाचा ड्रॉवर, लोकलचा दांडा. तिथे आपली चूक नाही.

आणि शेवटचं, अख्खं जेल सालीसारखं निघालंय आणि ती म्हणते "आपोआप निघालं". नख बघ. वरचा पापुद्रा जेलसोबत गेलेला असेल, नख पांढरट आणि खरखरीत झालेलं असेल तर बहुतेक ते ओढून काढलेलं असतं. नख गुळगुळीत आहे, जेल आतून मऊ किंवा चिकट राहिलंय, तर लॅम्पखाली नीट क्युअर झालेलं नाही, म्हणजे कडक झालेलं नाही, ते आपलं. काळ्या, पांढऱ्या आणि गडद लाल कलरमध्ये हे जास्त होतं कारण जाड कोट दिला की उजेड खालपर्यंत पोचत नाही. ओढून काढलेलं असलं तरी तिला आरोपीसारखं विचारू नकोस, खूप जणी टेन्शनमध्ये नखं कुरतडतात आणि त्यांना त्याची आधीच लाज वाटत असते. "कड उचलली की लगेच मला मेसेज कर, ओढू नकोस, पातळ झालेल्या नखावर पुढचा सेट टिकत नाही" एवढंच सांग.

आता पॉलिसी. ती नख तुटल्यावर सांगायची नसते, अपॉइंटमेंट देताना सांगायची. मी बुकिंग कन्फर्म करताना व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकते, तू तुझे आकडे घालून असाच वापर: "७ दिवसांच्या आत लिफ्टिंग झालं (जेल उचललं गेलं) किंवा टवका उडाला तर रिपेअर फुकट, लक्षात आल्यापासून २ दिवसांत फोटो पाठवा. ८ ते १४ दिवस, जेल पॉलिश १०० रुपये नख, एक्स्टेन्शन २०० रुपये नख. १४ दिवसांनंतर रिपेअर नाही, रिफिल (वाढलेल्या नखाची जागा भरणं) किंवा नवीन सेट. मार लागून तुटलं, ओढून काढलं, घरी कापलं, ग्लूने चिकटवलं किंवा दुसरीकडे फाइल केलं तर पहिल्या दिवसापासून चार्ज लागेल. कलर किंवा लांबी बदलणं हा रिपेअर नाही. रिपेअरची वेळ मंगळवार ते गुरुवार, दुपारी २ ते ४." शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, तिनेच तुझा शनिवार वाचेल. नवरी मुलगी असेल, दुसऱ्या दिवशी लग्न असेल, तर ती गोष्ट वेगळी, तिथे मी रात्री नऊलाही दार उघडते.

१४ दिवसांची रेघ मनाने ओढलेली नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन आठवड्यांत दीड मिलिमीटर पुढे सरकतं, जोर यायची जागाही सरकते आणि नख टोकाकडे जड व्हायला लागतं. त्या वेळी एकच नख दुरुस्त करून बाकीची नऊ तशीच ठेवण्यात क्लायंटचंही नुकसान आहे.

ही मुदत बिलावरही छाप. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हे अनुचित व्यापार प्रथेत येतं, आणि सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणंही येतं, बिलात मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. म्हणून "नो रिफंड, नो रिपेअर" लिहून आपण सुटलो असं कुणी समजू नये, उलट साध्या शब्दांत मुदत लिहिलेली असेल तर दोघींनाही कुठे उभं राहायचं ते कळतं.

सोसायटीतल्या आणि नणंदेच्या ओळखीच्या जणींना हाच मेसेज, शब्दही न बदलता. सूट द्यायचीच असेल तर सेट करताना दे, ६०० चे ५०० घे, पण रिपेअरमध्ये सवलत देऊ नकोस, कारण एकीला दिलीस की लिफ्टमधून खाली जाईपर्यंत ती चौघींना कळलेली असते. नणंदबाईंनाही एकदा चहाला बसवून सांगून ठेव, म्हणजे त्याच पुढे "तिचे नियम आहेत बाई" असं सांगतील.

अजून एक, काम झालं की दहाही नखांचा फोटो खिडकीच्या उजेडात काढ आणि तिलाच पाठव. एका वहीत तारीख, बेस, कलर नंबर, नख पातळ का जाड आणि रिपेअर आला तर कुठलं बोट, एवढं लिही. तीन महिन्यांत ती वही तुला जे शिकवेल ते कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

प्रश्न : मी क्लायंटच्या बाजूने लिहितेय. पुण्यात एका सलॉनमध्ये २२०० रुपये देऊन जेल एक्स्टेन्शन केली, तिसऱ्या दिवशी चार नखं क्युटिकलपासून उचलली गेली. फोन केला तर म्हणाले, "तुम्ही भांडी घासली असणार, आम्ही काही करू शकत नाही". बिल दिलेलं नाही, पैसे जीपेने दिले होते. माझं चुकलं का?

उत्तर : नाही, तुमचं चुकलेलं नाही. आपल्याकडे बाई नखं करून आली म्हणून घरातली भांडी थांबत नाहीत, कणिक मळायची थांबत नाही, हे नखं करणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं आणि त्या हिशोबानेच काम करायचं असतं. पाण्याचा त्रास होतो हे खरं आहे, नख पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की परत आकसतं, वरचं जेल तेवढं हलत नाही, असं रोज रोज होत गेलं की पकड सुटते. म्हणून मी सगळ्यांना रबरी हातमोजे घालायला सांगते. पण त्याला दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी चार नखं, आणि तीही क्युटिकलच्या बाजूने, म्हणजे नखाची तयारी नीट झाली नव्हती असंच मी म्हणेन. एक मात्र आठवून बघा, त्यांनी आधी हात पाण्यात भिजवून मेनिक्युअर करून लगेच एक्स्टेन्शन लावली होती का? ओल्या नखावर लावलं की असंच होतं.

आता फोनवर भांडू नका, लेखी मेसेज करा. चारही नखांचे जवळून फोटो, तारीख, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, आणि "दुरुस्त करून द्या, नसेल तर पैसे परत द्या, आणि बिल द्या" एवढंच सरळ लिहा. जीपेची नोंद हा पैसे दिल्याचा पुरावा आहेच. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बरेचदा लेखी मेसेजवरच काम होतं.

तोपर्यंत उचललेलं नख ओढू नका, आणि फेवीक्विकने तर मुळीच चिकटवू नका. आत पाणी अडकून राहतं आणि पुढे काय होतं ते शेवटच्या पत्रात वाचा.

प्रश्न : ताई मी ठाण्यात एका स्टुडिओत जॉब करते. मालकीणबाईंनी नवीन नियम काढलाय, जिचा सेट परत आला तिच्या इन्सेन्टिव्हमधून १०० रुपये नखामागे कापायचे. महिन्याला माझेच सगळ्यात जास्त कापले जातात. माझं काम खराब नाहीये हो, जास्त करून अंगठेच परत येतात.

उत्तर : तुझ्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. अंगठे! चार बोटांसोबत अंगठा लॅम्पमध्ये घातला की तो आडवा पडतो, उजेड नखावर सरळ न पडता बाजूने पडतो आणि जेल अर्धवट राहतं. आधी चार बोटं, मग दोन्ही अंगठे एकत्र वेगळे, सरळ ठेवून. दर कोटाला तेवढी मिनिटं जास्त जातात, जाऊ दे.

दुसरं म्हणजे, तुझा लॅम्प तपासून बघ. माझ्यासोबत हे झालंय, एका दिवाळीत माझे लागोपाठ अकरा सेट परत आले, सगळे डाव्या हाताचे आणि सगळे करंगळीच्या बाजूचे. मी क्लायंटच्या फराळाला दोष देत बसले, चकल्या, करंज्या, तेलाचे हात, आणि एक-दोघींना तर तोंडावर बोलले, ते मला आजही लागतं. मग लॅम्पखाली एक कोरा पांढरा कागद ठेवून लॅम्प लावला तर एका कोपऱ्यात उजेड अगदी मंद, तिथले लाइट गेले होते. ज्यांना बोलले होते त्यांना फोन करून माफी मागितली आणि सगळ्यांचे हात परत करून दिले, एक रुपया न घेता. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला कागद ठेवून बघते. तूही बघ, आणि जेल एका कंपनीचं आणि लॅम्प भलताच असं आहे का तेही बघ, कारण बाटलीवर लिहिलेले सेकंद त्यांच्याच लॅम्पसाठी असतात.

मालकीणबाईंशी बोलायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. महिनाभराची वही घेऊन जा, किती सेट केले, किती परत आले, कुठली बोटं, कुठल्या टेबलाचा लॅम्प. महिन्याला ६० सेट करणारीचे ६ परत आले आणि २० करणारीचे ३, तर कुणाचं काम जास्त परत येतंय ते त्यांना कळेल. लॅम्प, जेल, प्रायमर त्यांनी आणलेलं, अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट त्यांनी घेतलेली आणि पैसे फक्त तुझे कापायचे हे मला अजिबात पटत नाही. कापून काय होतं माहितीये, मुली लिफ्टिंग लपवायला लागतात, उचललेलं न काढता त्यावरच टॉप कोट मारून पाठवतात. बाईंना हे सांग, हवं तर हा अंक दाखव.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. गणपतीच्या आधी आठवडाभर माझ्याकडे रांग असते आणि गौरी गेल्या की तीच रांग रिपेअरला. सात दिवसांचा नियम तेव्हाही पाळायचा का?

उत्तर : पाळायचा, पण बोलणं आधी करायचं. मोदक कोण करणार आहे हे मी सरळ विचारते. गरम उकड, पाण्याचा नाहीतर तेलाचा हात लावून मळायची, मग एकेक कळी चिमटीत धरून काढायची, लांब टोकदार नखाने कळी फाटते आणि नखावर सगळा जोर येतो. वर नारळ खवायचे, हळदीची पानं, केळीची पानं. अशा हातांना मी आखूड, गोल कडेचं साधं जेल देते, चौकोनी कोपरे नाहीत आणि खडे तर नाहीतच. तरीही लांबच हवी असतील तर मेसेजमध्ये लिहून घेते की लांबीमुळे मोडलं तर चार्ज लागेल.

हळदीने फिक्या कलरवर पिवळा डाग पडतो, तो रिपेअर नाही. वरचा टॉप कोट हलका बफ करून परत दिला की बऱ्यापैकी जातो, त्याचे मी १५० घेते सगळ्या हाताचे.

प्रश्न : एका क्लायंटच्या उचललेल्या एक्स्टेन्शनखाली हिरवट डाग दिसतोय. ती म्हणते, "वरून गडद कलर मार, लग्नाला जायचंय". करू का? तिने तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडेच केलं होतं.

उत्तर : नको, अजिबात करू नकोस. ते बहुतेक सुडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाने होतं, उचललेल्या जेलखाली ओल साठून राहिली की तो वाढतो आणि हिरवा रंग सोडतो. वरून झाकलं की आत आणखी वाढेल. इथे १४ दिवस, २१ दिवस काही बघू नकोस आणि पैशाचा विषयही काढू नकोस. त्या बोटाचं एक्स्टेन्शन पूर्ण काढ, फाइल आणि बफर त्या नखाला वापरलेले लगेच फेकून दे, धातूची हत्यारं निर्जंतुक कर, नख कोरडं आणि उघडं राहू दे आणि तिला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठव. डाग गेल्याशिवाय त्या बोटाला काहीही लावायचं नाही. लग्नाला बाकीची नऊ नखं आखूड करून एकसारखी कर आणि त्या बोटात एखादी मोठी अंगठी घालायला सांग. आणि हे वाचत असशील तर तिला आजच फोन कर.